मद्यपाश : शरीराचा आजार आणि आप्तांचा आधार

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मद्याच्या दुष्परिणामांविषयी या सभागृहातील कोणालाही नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. सप्तव्यसनांत मद्याची गणना झालेली आहे आणि मद्यत्याग ही श्रावकाच्या आचाराची प्रारंभीची पायरी मानलेली आहे. ज्याने कधी पेल्याला स्पर्श केला नाही, त्याच्या रक्षणास एवढा उपदेश पुरेसा आहे. परंतु बीड जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक गावात असे एखादे घर आढळते, की ज्या घरातील कर्ता पुरुष उपदेशाच्या पलीकडे गेलेला असतो. त्याने दहा वेळा शपथ घेतलेली असते आणि दहा वेळा मोडलेली असते. घरातील माणसे त्याला निर्लज्ज म्हणतात, गाव त्याला दारुडा म्हणते, आणि एकांतात तो स्वतःलाही याहून वेगळे काही म्हणत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा माणूस आणि त्याचे घर हा आहे.

वैद्यकशास्त्र या माणसाला रुग्ण म्हणते, आणि त्याच्या आजाराला मराठीत ‘मद्यपाश’ असा अर्थपूर्ण शब्द आहे. पाश म्हणजे फास. गळ्यात फास पडलेल्या माणसाला ‘तू फासात का गेलास’ असे विचारण्यापूर्वी फास सैल करावा लागतो.

आजार ही कल्पना कोठून आली?

दारूचे वेड हा एक रोग असावा, असे अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. बेंजामिन रश यांनी लिहिले होते. परंतु ही कल्पना वैद्यकात रुजण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यपाशाला आजार म्हणून मान्यता दिली. १९६० साली ई. एम. जेलिनेक यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात आज मद्यावलंबनास स्वतंत्र स्थान आहे.

आपल्या देशातील स्थिती २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ते केले. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात. त्यांपैकी जवळजवळ २.९ कोटी व्यक्ती मद्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत. यातील सर्वांत बोलका आकडा पुढचा आहे. मद्यपाशात सापडलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास काही ना काही उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एकच होता. उरलेल्यांच्या वाट्याला काय येत असेल, हे आपण सर्वजण जाणतो. शिव्या, शपथा आणि अंगारे-धुपारे.

शरीरात नेमके काय घडते?

पोटात गेलेल्या मद्याचा बहुतांश भाग यकृतात जाळला जातो. या प्रक्रियेत प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि मग त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर होते. रोजच्या माऱ्याने यकृतावर आधी चरबी साठते, नंतर सूज येते आणि अखेर ते घट्ट, गाठाळ होऊन निकामी होते. चरबीच्या अवस्थेत दारू थांबली तर यकृत पुष्कळ अंशी पूर्ववत होते, ही आशेची बाब आहे.

परंतु या आजाराचे मूळ ठाणे मेंदूत आहे. तो भाग समजण्यासाठी व्यापारी बांधवांना तराजूचे उदाहरण जवळचे वाटेल. मेंदूत शांत करणारी आणि उत्तेजित करणारी अशी दोन प्रकारची रसायने असतात आणि त्यांचे पारडे समतोल राखलेले असते. मद्य शांततेच्या पारड्यात वजन टाकते. म्हणून पिणाऱ्यास प्रथम हलके वाटते. हे रोज घडू लागले की समतोल राखण्यासाठी मेंदू दुसऱ्या, म्हणजे उत्तेजनाच्या पारड्यात वजने वाढवीत जातो. त्यामुळे पूर्वी एका पेल्याने जे होत असे त्यास चार पेले लागतात. लोक याला ‘पचवण्याची ताकद’ म्हणतात. वास्तविक ते आजार वाढत असल्याचे चिन्ह असते.

पुढे अशी अवस्था येते, की मद्य आनंदासाठी घेतले जात नाही, तर उभे राहता यावे म्हणून घेतले जाते. सकाळी हात थरथरतात, चहाचा कप धरवत नाही, आणि घोटभर दारू पोटात गेल्यावरच हात स्थिर होतात. बाहेरून पाहणाऱ्यास ही चैन वाटते. आतून ती निकड असते.

सर्वच पिणाऱ्यांना हा आजार जडत नाही, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो योग्यच आहे. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे, की या आजाराच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारणतः निम्मा असतो. उरलेला वाटा परिस्थितीचा, सोबतीचा, कोवळ्या वयात झालेल्या प्रारंभाचा आणि मनावरील आघातांचा असतो. मधुमेहाचेही असेच असते. पहिला पेला हातात घेताना आपण कोणत्या गटातील आहोत हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून न पिणे हाच प्रतिबंध होय. आणि ज्याला आजार जडला, त्याच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आजार जडला आहे किंवा कसे, हे ओळखण्यासाठी डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणे कमी करावे असे कधी मनात आले का? कोणी त्यावरून बोलले तर राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर शरीर सावरण्यासाठी प्यावी लागते का? यांतील दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली, तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली असे समजावे.

शपथेनंतरचा तिसरा दिवस

आपल्या भागात दारू सोडण्याचा सर्वमान्य मार्ग शपथेचा आहे. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी गडावर जाऊन महाराजांसमोर नारळ ठेवतो, कोणी पर्युषणात नियम घेतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. या संकल्पांची थोरवी मोठी आहे आणि त्यांच्या बळावर अनेक संसार सावरले आहेत. तथापि एक गोष्ट या सभेतून प्रत्येकाने घरी न्यावी, अशी आहे.

जो माणूस अनेक महिने किंवा वर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने दारू एकाएकी बंद केली की तराजूतील एका बाजूचे वजन क्षणात निघून जाते आणि उत्तेजनाचे पारडे खाली आदळते. सहा ते चोवीस तासांत थरकाप, घाम, उलट्या आणि झोप नाहीशी होणे ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्ण भ्रमात जातात. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, घरच्यांची ओळख पटत नाही, ताप चढतो, नाडी धावू लागते. घरातील माणसे म्हणतात, ‘बाहेरचे काहीतरी लागले.’ रुग्णालयाऐवजी देवऋषीकडे गाडी वळते. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. शपथ पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणारा माणूस अशा वेळी शपथेमुळे नव्हे, तर अज्ञानामुळे दगावतो.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदीमुळे देशभरातील मद्याची दुकाने एका रात्रीत बंद झाली. त्यानंतरच्या दिवसांत अनेक शहरांतील रुग्णालयांत असे कंप, आकडी आणि भ्रम झालेले रुग्ण येऊ लागले. दारू न मिळाल्याने माणूस केवळ चिडचिडा होतो असे ज्यांना वाटत होते, त्यांना मद्यपाश हा शरीराचा आजार असल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण होते.

म्हणून शपथेचा दिवस आणि रुग्णालयात जाण्याचा दिवस एकच असावा. ज्यास सकाळी थरथर सुटते, ज्यास पूर्वी कधी आकडी आली आहे, जो रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात याची चौकशी करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो.

उपचाराची वाट

उपचाराचा पहिला टप्पा साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो. मेंदूतील खवळलेले पारडे हळूहळू शांत करणारी औषधे देतात व ती क्रमाने कमी करीत बंद करतात. त्याचबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व भरपूर दिले जाते. मद्यपीच्या शरीरात त्याची मोठी कमतरता असते आणि ती भरून न काढल्यास स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते.

दुसरा टप्पा दीर्घ असतो. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन व अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे आज उपलब्ध आहेत. डायसल्फिराम हे जुने औषध वेगळ्या रीतीने काम करते. ते घेतलेल्या माणसाने मद्य प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. काही ठिकाणी ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात आणि माता-भगिनी मोठ्या आशेने भाजीत किंवा चहात पूड मिसळतात. त्या पुडीत काय आहे हे कोणी सांगत नाही. नकळत दिलेले डायसल्फिराम जीवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते.

परंतु औषध शरीर सावरते. दिवस कसा घालवावा हे ते शिकवीत नाही. त्यासाठी माणसे लागतात. महाराष्ट्रातील याचे सर्वांत परिचित उदाहरण पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे आहे. गर्द या मादक पदार्थाने तरुणांची कशी वाताहत होत आहे, याविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते काम अंगावर घेतले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात केंद्र सुरू झाले. गर्दसाठी उघडलेल्या या दारातून पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. मारहाण नाही, साखळदंड नाहीत, अपमान नाही. व्यायाम, श्रमदान, गटचर्चा आणि समुपदेशन यांच्या आधारे रुग्णास उभे करावयाचे, ही तेथील रीत. बरे झालेले अनेक रुग्ण तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. डॉ. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट चालतो, कारण एक माणूस पितो तेव्हा आजारी सारे घर पडते.

दुसरा आधार ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बंधुभावाचा आहे. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यपाशात सापडलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यातून एकाची आधीच सुटलेली दारू सुटलेलीच राहिली व दुसऱ्याचीही सुटली. भारतात हे काम १९५७ पासून सुरू झाले. येथे शुल्क नाही, नावाची विचारणा नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. जन्मभराची शपथ येथे मागत नाहीत. फक्त आजचा दिवस न पिता काढावयाचा, आणि उद्या पुन्हा तेच.

घरातील माणसांनी काय करावे?

आपल्या घरांत साधारणतः दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. एकीकडे टोमणे, रडणे, पाहुण्यांसमोर पाणउतारा. दुसरीकडे त्याची उधारी फेडणे, कामावर खोटा निरोप देणे, सोयरिकीत बोभाटा नको म्हणून सर्व झाकणे. पहिल्याने त्याची लाज वाढते आणि लाजेवर तो पुन्हा दारूचाच उतारा शोधतो. दुसऱ्याने आजाराचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्ही थांबवावे. तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, कमी शब्दांत बोलावे : काय घडले, त्याचा घरावर काय परिणाम झाला, आणि डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी जावयाचे.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आजार आहे म्हणून मारहाण सोसावी, असा याचा अर्थ कदापि नाही. पत्नीने आणि मुलांनी आपली सुरक्षितता प्रथम पाहावी. माहेरचे, शेजारचे आणि कायद्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. आजाराबद्दल तो दोषी नसला, तरी उपचार घेण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

ऊसतोडीच्या जिल्ह्यातील वेळापत्रक

बीड जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळी झाली, की धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या डोंगरपट्ट्यातील टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. परतणे होते ते पाडव्याच्या सुमारास किंवा त्यानंतर. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘कोयता’ होतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमांतून फिटते. पहाटेच्या थंडीत तोडणी, मोळ्या बांधणे, रात्री-बेरात्री गाडी भरणे यांनी शरीर मोडून जाते. ‘अंग दुखते’ म्हणून संध्याकाळी कोपीवर घेतलेली दारू पुढे सकाळी घ्यावी लागते. मग एके दिवशी नवरा उठत नाही. अर्धा कोयता काम करू शकत नाही, आणि उचल तशीच डोक्यावर राहते. ती पुढच्या हंगामावर जाते, आणि कधी त्यासाठी शाळेतील मुलगा फडात उतरतो. मद्यपाशाची किंमत या जिल्ह्यात अशी मोजली जाते.

पुण्या-मुंबईच्या नोकरदारास आखून दिलेले उपचाराचे वेळापत्रक या कुटुंबास लागू पडत नाही. त्यांच्यासाठी उपचाराचा काळ म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. टोळी गावी परतते तेव्हाच रुग्णालयात दाखल व्हावे, म्हणजे नव्या हंगामापूर्वी पाच-सहा महिने शुद्धीचे मिळतात. उचल पत्नीच्या हाती द्यावी. हंगामास निघताना औषधांचा पुरवठा, डॉक्टरांचा कागद आणि न पिणाऱ्या एखाद्या सोबत्याची शेजारची कोपी एवढे पाहावे. टोळीतील मुकादमाने मजुरी दारूच्या रूपाने देऊ नये, हेही समाजाने त्यास सांगावे.

अनेक गावांतील महिलांनी मतदानाने बाटली आडवी केली, हे कार्य वंदनीय आहे. दुकान बंद झाल्याने पुढची पिढी वाचते. मात्र त्याच गावातील जुन्या रुग्णास त्या दिवसापासून डॉक्टरांची गरज लागते. ठराव आणि उपचार हातात हात घालून चालावेत.

पुन्हा पाय घसरला तर

उपचार घेऊन परतलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा प्यायला, की ‘शेवटी जात्याच तसा’ असे म्हणून सर्वजण हात झटकतात. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी त्याचा उपचार बंद करीत नाही. मद्यपाशही दीर्घकाळ चालणारा आजार आहे. पहिल्या वर्षात घसरण वारंवार होते आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे जितके लवकर परतावे, तितके सावरणे सोपे होते.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा आणि स्थिरीकरण ही दोन अंगे आहेत. रोग्याच्या देहाची किळस न करणे हे पहिले. मार्गावरून ढळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे हे दुसरे. उत्तराध्ययन सूत्रातील राजीमती गुहेत ढळलेल्या रथनेमीला टाकून निघून गेली नाही. खडसावून, समजावून तिने त्याला पुन्हा संयमावर आणले. ढळणे ही साधकाच्या मार्गावरही घडणारी गोष्ट आहे, हे आपल्या परंपरेने पूर्वीच ओळखले होते.

पन्नास वर्षे धर्मशाळा, विद्यार्थी आणि रुग्ण यांची सेवा करणाऱ्या कोणत्याही संस्थेस या कामी फार मोठा खर्च नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली, जेथे नाव न विचारता माणसे बसू शकतील. उपचाराच्या पाच आठवड्यांत ज्याची मजुरी बुडते, त्याच्या घरी धान्य. परतल्यावर त्याच्या हातास काम, आणि त्या कामावर त्याच्या भूतकाळाची चर्चा न करण्याचा शिष्टाचार. लग्नकार्यात मद्यास मज्जाव. एवढे झाले, तर ३८ जणांत एक हे प्रमाण निदान आपल्या पंचक्रोशीत तरी बदलू शकेल.

आपल्या ओळखीच्या घरांत असा एखादा माणूस असेलच. त्याच्याकडे या आठवड्यात, सकाळच्या वेळी, एकजण जावा. उपदेश करू नये. ‘दवाखान्यात बरोबर येतो’ एवढेच म्हणावे.